शून्य टक्क्यांचा भाऊ

अहवाल आला त्या दिवशी गिरीश शेटेला शून्य पडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच शून्य पडल्याबद्दल लोक त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन करून गेले.

"शून्य म्हणजे शून्य हो! पॉइंटच्या पुढंसुद्धा शून्यच!" व्यापारी संघाचे अध्यक्ष बोराडेअण्णा म्हणाले. त्यांना स्वतःला चार टक्के पडले होते. संघाच्या भर सभेत ते शिरीषला जे बोलले होते ते ऐकून माईकनंसुद्धा शिट्टी मारली होती. त्या मानानं चार म्हणजे फुकटात सुटका. अण्णांनी पेढे आणले होते. बॉक्स पुढं करताना त्यांच्या ध्यानात आलं की आपण मयताच्या घरी उभे आहोत. मग त्यांनी चेहरा पाडला. बॉक्स मात्र तसाच पुढं ठेवला.

शिरीष हा गिरीशचा थोरला भाऊ. दोन महिन्यांपूर्वी त्यानं स्वतःच्या हातानं आयुष्य संपवलं होतं. त्याला उदासीचा आजार होता, सोलापूरच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, आणि बरं वाटतंय म्हणून ते त्यानं परस्पर बंद केलं होतं. "अशा गोष्टीला एकच कारण कधीच नसतं," असं डॉक्टरांनी पोलिसांना समजावून सांगितलं. पोलिसांनी मान डोलावली. पण कायद्याला बेरीज शंभर लागते.

त्या शंभरातले एक्केचाळीस कल्याणीवहिनीला पडले होते. शिरीषच्या बायकोला.

तेहेतीसच्या वर गेलं की तुरुंग.

*

हे टक्के कुठून आले ते सांगायला हवं.

फार वर्षं झाली नाहीत, कुणी जिवाचं बरंवाईट केलं की त्याला त्या वाटेला कुणी लावलं याचा शोध माणसं घ्यायची. चिठ्ठीत कुणाचं नाव आहे का बघायची, शेजाऱ्यांचे जबाब घ्यायची. बोलणाऱ्याचा हेतू काय होता यावर वकील दहा-दहा वर्षं भांडायचे, आणि तोवर हेतू बाळगणारा म्हातारा होऊन मरून जायचा. मग मणी आला.

मणी म्हणजे कानाच्या पाळीमागं चिकटवायचं ज्वारीच्या दाण्याएवढं यंत्र. ते बनवलं होतं हृदयविकाराचा झटका आधी ओळखायला. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी आणि वाटेत काळजाला हात लावून जाणारी व्हेगस नावाची एक नस असते. मणी तिची थरथर टिपायचा, दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायचा, आणि आजूबाजूचा आवाजही साठवायचा. विमा कंपन्यांनी हप्त्यात सूट दिली तशी चाळिशीच्या पुढची सगळी माणसं, आणि त्यांच्या मागोमाग पोरंसोरंही, मणी लावून फिरायला लागली. पाच-सात वर्षांचा साठा झाल्यावर संशोधकांना दिसलं की माणसानं ऐकलेलं प्रत्येक वाक्य त्या नसेवर आपला ठसा ठेवून जातं. काही वाक्यं माणसाला धरून ठेवतात, काही ढकलतात. आणि ठसा मोजता येतो. धरता भार, ढकलता भार.

मोजता येतं म्हटल्यावर कायदा व्हायला कितीसा वेळ? माणूस गेला की त्याचा मणी काढायचा. त्याला उद्देशून कोण काय बोललं ते आवाजावरून वेगळं करायचं, ज्याच्या त्याच्या ढकलत्या भारातून धरता वजा करायचा आणि उरलेल्याची शंभरात वाटणी करायची. हेतूची भानगडच संपली. एक तृतीयांशाच्या वर गेला त्याचा हेतू होता, असं कायद्यानं गृहीत धरलं.

त्यानंतर महाराष्ट्र फार सभ्य झाला. मास्तर नापास पोराला म्हणायचे, "बाळा, तुझं उत्तर वेगळ्या वाटेनं निघालंय." थकबाकीवाल्यांकडं बँकेची माणसं येईनात, गुच्छ यायचा, आणि त्यात बोलणारं यंत्र असायचं, कारण यंत्राच्या बोलण्याला कायद्यानं भार धरला नव्हता. आया पोरांना "मेल्या" म्हणताना आधी त्याच्या कानामागं हात फिरवून बघायच्या. आणि एखादा माणूस गप्प गप्प राहायला लागला, नीट जेवेना, की शहाणी माणसं त्याच्याशी बोलणंच थांबवायची. उगाच कशाला टक्का अंगावर घ्या?

शिरीषशीही सगळ्यांनी बोलणं थांबवलं. एकटी कल्याणीवहिनी बोलत राहिली. "जेवून घ्या." "गोळी घेतली का?" "जरा गच्चीवर तरी जाऊन या." या सगळ्या वाक्यांना धरता भार होता, पण रोजचं बोलणं रोज हलकं होत जातं. आणि एकदा, कपडे वाळत घालता घालता, ती म्हणाली होती, "असं किती दिवस चालायचं ओ?"

एक्केचाळीसातले एकतीस त्या एका वाक्याचे होते.

*

गिरीशला शून्य पडलं, कारण भावाशी तो अकरा वर्षांत एक शब्द बोलला नव्हता.

बार्शीत शेटे बंधूंचं भांड्यांचं दुकान आहे. दुकान एक, गल्ला एक, भाऊ दोन. आई गेली तिच्या वर्षश्राद्धाला वाटायला स्टीलचे तांबे काढले होते, आणि दुकानातल्याच यंत्रावर शिरीषनं त्यांवर नाव घातलं: 'कै. सुमनबाई यांच्या स्मरणार्थ, शिरीष शेटे आणि परिवार.'

"माझं नाव कुठंय?" गिरीशनं विचारलं.

"ते काय. आणि परिवार."

"मी परिवार?"

"मग काय शेजारी आहेस?"

हे दोघांमधलं शेवटचं बोलणं. पाहुणे जेवून गेले, तांबे वाटून संपले, अबोला तेवढा घरात राहिला. सुरुवातीला दोघांनाही वाटलं, आठवड्याभरात दुसरा बोलेल. पुढं वाटलं, दिवाळीत बोलेल. त्यानंतर त्याची सवयच झाली, आणि गिऱ्हाइकांनाही झाली.

"त्यांना म्हणावं, पाच लिटरचा कुकर वरच्या फळीवर आहे," गिरीश गिऱ्हाइकाला सांगायचा.

गिऱ्हाईक दीड हात लांब उभ्या शिरीषकडं वळायचं. "पाच लिटरचा वर आहे म्हणतेत."

"त्यांना म्हणावं, शिट्टी वेगळी ठेवलीय."

"शिट्टी वेगळी ठेवलीय म्हणतेत."

काही म्हाताऱ्या आपल्या पदरचंही घालायच्या. "तो म्हणतोय, दादा, वाळलास रं," असं एकीनं एकदा ठोकून दिलं. शिरीषनं मान वर करून गिरीशकडं बघितलं होतं. गिरीशनं घाईघाईनं पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

घरी निरोप्याचं काम वहिनीकडं. अकरा वर्षं ती बाई दोन खोल्यांमधून वाक्यं पोचवत होती. आता तिलाच आत टाकायला निघाले होते, आणि गिरीशच्या हातात शून्य टक्क्यांचं प्रमाणपत्र होतं, अशोकस्तंभ छापलेलं. बोराडेअण्णा म्हणाले, फ्रेम करून दुकानात लावा, गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

*

"तुमची अडचण काय आहे तेच मला कळेना," तांबारे वकील म्हणाले. ते वहिनीचे वकील. तरुण होते, आणि चहात बिस्किट बुडवताना ते तुटायच्या आधी बाहेर काढण्याची त्यांची हातोटी बघून गिरीशला त्यांच्याबद्दल जरा विश्वास वाटायला लागला होता. "लोक शून्यासाठी पैसे घेऊन येतात माझ्याकडं. तुम्हाला वाढवून पाहिजे?"

"मी अकरा वर्षं त्याच्याशी बोललो नाही. त्याचा भार नाही?"

"न बोललेल्या वाक्याचा आवाज नसतो. मणी काय टिपणार? कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही आदर्श भाऊ आहात." वकिलांनी बिस्किट खाल्लं. "पण थांबा. बेरीज शंभरच असते. तुम्ही वर गेलात तर वहिनी खाली येतील."

"तेच म्हणतोय मी."

वकील खुर्चीत सरळ झाले. मणी रोज दुपारी अर्धा तास चार्जिंगला काढावा लागतो. शिरीष तो दुकानातच काढायचा. त्या वेळी बाजार झोपलेला, दुकानात दोघं भाऊच. तेवढ्या वेळाचं रेकॉर्डिंग नाही. आणि त्या रिकाम्या वेळात आपण मयताला काही बोललो, असं कुणी स्वतःहून कबूल केलं, तर ते वाक्य कोर्टात मोजून घेण्याची कायद्यात सोय आहे.

"मोजायचं कुणावर? माणूस तर गेला."

"त्याचं प्रतिहृदय करतात. मण्यातला सगळा साठा संगणकाला शिकवायचा. मग कुठलंही नवीन वाक्य ऐकवलं की त्या माणसाचं काळीज कसं हललं असतं ते पडद्यावर दिसतं. बोलायचं मात्र तुम्हीच, तुमच्याच आवाजात." वकिलांनी कागद ओढला. "आता नीट ऐका. तुम्ही वीसच्या वर गेलात की वहिनी तेहेतीसच्या खाली. आणि तुम्ही स्वतः तेहेतीसच्या आत राहिलात की तुम्हीही घरी. आपल्याला असं वाक्य पाहिजे ज्याचे पंचवीस पडतील. लागेल, पण जिव्हारी लागणार नाही."

मग दोन शहाणी माणसं संध्याकाळपर्यंत बसून, मेलेल्या माणसाला कधीच न दिलेली शिवी तयार करत राहिली. पहिला मसुदा वकिलांना फार पुस्तकी वाटला. "असं कोण बोलतं भांड्याच्या दुकानात?" दुसरा गिरीशला म्हणवेना. तिसरा बोराडेअण्णांचाच निघाला, त्याचे चार आधीच देऊन झालेले. शेवटी एक ठरला. साधा, घराघरांत रोज बोलला जाणारा.

"म्हणून बघा."

गिरीशनं म्हटलं.

"पंचवीस," वकील समाधानानं म्हणाले. "फार तर अठ्ठावीस."

*

घरी आल्यावर वहिनीनं त्याचं ताट वाढलं. मग समोर बसून राहिली. असं ती कधी बसायची नाही.

"भाऊजी, तांबारे वकिलांचा फोन होता. तुम्ही ह्यांच्याशी बोलला होता म्हणे?"

गिरीशनं भाकरीचा तुकडा मोडला. "हो."

"कधी?"

"दुपारी. मणी काढलेला असायचा तेव्हा."

तिच्या तोंडावर जे आलं ते बघून त्यानं तुकडा ताटात परत ठेवला. दोन महिन्यांत तिचा चेहरा असा उजळलेला त्यानं पाहिला नव्हता.

"खरंच बोललात? बघा, आणि मला कुणी काही सांगितलं नाही! लबाड दोघं. घरात माझ्याकडनं निरोप पोचवून घेत होता आणि तिकडं दुकानात..." तिनं पदरानं डोळे पुसले. "मग हे काय म्हणाले?"

"काही नाही."

"हसले असतील. तुम्ही बोलायला लागला की हसायचे तसे. तुम्ही तिकडच्या खोलीत फोनवर बोलायचा ना, तेव्हा टीव्ही बारीक करायचे. मी म्हणायची, मोठा करा की, ऐकू येत नाही. तर म्हणायचे, राहू दे." तिनं त्याच्या पेल्यात पाणी ओतलं. "काय बोललात तुम्ही?"

"वकिलांनी सांगू नको म्हटलंय."

"बरं बरं. नका सांगू." तिनं त्याला भाजी वाढली, नको म्हणत असतानाही. "चांगलंच बोलला असाल. ह्यांना बरं वाटलं असेल बघा."

*

प्रतिहृदय म्हणजे कोर्टातल्या भिंतीवरचा एक पडदा आणि त्यावर एक हिरवी रेघ, एवढंच होतं. वर गेली तर धरता भार, खाली गेली तर ढकलता. गिरीशला वाटलं होतं निदान फोटो तरी असेल.

"हा माणूस नाही, एवढं लक्षात ठेवा," यंत्राच्या तज्ज्ञ डॉ. काझी म्हणाल्या. पन्नाशीच्या बाई, आवाज मऊ. "ही सवय आहे. त्यांच्या काळजाची सवय."

"माझा आवाज ओळखेल? मी तर कधी..."

"तुमचा आवाज रोज त्यांच्या कानावर होता की. गिऱ्हाइकांशी बोलताना. फक्त त्यांच्यासाठी नव्हता, म्हणून अहवालात आला नाही." त्या काहीतरी आणखी सांगणार होत्या, पण तेवढ्यात न्यायाधीशबाई येऊन बसल्या आणि सगळे उठले.

वहिनी पहिल्या बाकावर होती. बोराडेअण्णा तिसऱ्या. आपले चार आणखी कमी होऊन तीनवर येतात का ते बघायला आले होते.

"आधी माईक जुळवून घेऊ," डॉ. काझी म्हणाल्या. "हे नोंदीत धरत नाहीत. काहीही बोला."

काहीही म्हटल्यावर माणसाला काही सुचत नाही. गिरीशनं घसा खाकरला, पडद्याकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "दादा."

रेघ वर गेली.

ती चढत गेली, पडद्याची वरची कड आली, तिच्याही पलीकडं गेली, आणि पडद्यावर नुसताच काळोख राहिला. डॉ. काझींनी दोन-तीन बटणं दाबून मोजपट्टी लहान केली, मग आणखी लहान केली, तेव्हा कुठं रेघेचा माथा दिसला. बाकी सगळ्या वर्षांचं वरखाली त्या पट्टीवर जमिनीलगतच्या गवतासारखं दिसत होतं.

"यंत्र बिघडलंय का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"नाही, मॅडम," डॉ. काझी हळूच म्हणाल्या. "यंत्र बरोबर आहे."

"मग पुढं चला. नोंद सुरू करा."

गिरीशचे हात कठड्यावर होते. ते आपलेच आहेत याची त्यानं खात्री करून घेतली. एका हाकेत मावेल एवढं ते सगळं अकरा वर्षं दीड हातावर उभं होतं, आणि तो गिऱ्हाइकाला सांगत होता की त्यांना म्हणावं कुकर वर आहे.

"बोला," तांबारे वकील कुजबुजले. "पाठ केलंय तेच. पंचवीस."

गिरीशनं वहिनीकडं बघितलं. तिनं मान हलवली, प्रेमानं, लहान मुलाला भाषणाला उभं केल्यावर आई हलवते तशी.

तो पडद्याकडं वळला आणि म्हणाला, "तुझ्यावाचून इथं कुणाचं काही अडत नाही."

रेघ खाली गेली. ती कुठवर जाते ते त्यानं बघितलं नाही. बाकावरून एक आवाज आला, हुंदका म्हणावा तर तेवढा मोठा नाही, कुणीतरी पोळल्यावर करतं तसा. मग टाइप केल्याची टकटक झाली, आणि डॉ. काझींनी आकडा वाचला.

"त्रेपन्न."

तांबारे वकिलांनी कपाळाला हात लावला. वाक्य त्यांनी तोलून बांधलं होतं. बोलणारा कोण, हे तोलायचं राहून गेलं होतं. परक्यानं म्हटलं असतं तर पंचवीससुद्धा पडले नसते. फेरवाटणीत वहिनीचे एकोणीस झाले. ती सुटली. बोराडेअण्णांचे दोनाच्याही खाली गेले, आणि त्यांनी शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली.

"शेटे," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "त्या वेळात तुम्ही आणखी काही बोलला असाल तर आता सांगू शकता. चांगलं बोलला असाल तर ते तुमच्या भारातून वजा होईल. तो तुमचा हक्क आहे."

"बोला!" वकील त्याच्या कानाशी आले. "थोडंच, अगदी हलकं. 'चहा घेणार का' म्हणा. वीसएक टक्के उतरवू, दोघंही बाहेर!"

गिरीशनं पडद्याकडं बघितलं.

पडलेली रेघ परत हलायला लागली होती. आपली आपण, कुणी काही न बोलता, ती हळूहळू वर येत होती.

"हे काय होतंय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"वाट बघणं आहे, मॅडम," डॉ. काझी म्हणाल्या. "आता बोलायला लागलेत म्हणजे पुढचंही बोलतील, असं त्याला वाटतंय."

हलकं वाक्य गिरीशकडं नव्हतं. ते त्याला मघाशीच कळलं होतं. त्याच्या तोंडून चहा निघाला काय आणि कुकर निघाला काय, ही रेघ पडद्याबाहेर जाणार. त्रेपन्नचे शून्य होणार, आणि वहिनी परत एक्केचाळीसवर जाऊन बसणार. वहिनी बाकावरून त्याच्याकडं बघत होती. त्या नजरेला मोजपट्टी नव्हती म्हणून बरं.

"शेटे? काही बोलायचंय?"

'नाही' म्हणायलासुद्धा तोंड उघडावं लागलं असतं, आणि माईक चालू होता. गिरीशनं नकारार्थी मान हलवली.

रेघ वर येऊन एका जागी थांबली, जराशी थरथरत. त्यानं ओठ दातांखाली धरले, आणि डॉ. काझी यंत्र बंद करीपर्यंत तिच्याकडं बघत उभा राहिला. त्यांनीही ते लगेच बंद केलं नाही.